विकिपीडियावर पान करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

आधी सरळ सांगते. कुणी मेसेज करून म्हणालं की तुमच्या वडिलांचं, संस्थेचं, दुकानाचं विकिपीडियावर पान करून देतो, इतके इतके पैसे लागतील आणि पान गॅरंटीने टिकेल, तर तिथल्या तिथे ब्लॉक करा. मी केलं नाही. माझे ३३ हजार गेले, ते एक वेळ सोडा, पण ज्या फोटोग्राफरने आप्पांच्या नाटकांचे फोटो काढायला स्वतःच्या खिशातून फिल्मचे रोल घातले त्याचाच फोटो माझ्या हातून दुसऱ्याच्या नावावर गेला, ते अजून मनातून जात नाही म्हणून हे सगळं लिहितेय.

आप्पा म्हणजे माझे वडील. लालबागच्या गिरणीत साचे खात्यात होते, पाळी सुटली की तालीम. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धा, परळच्या दामोदर हॉलला प्रयोग, गणपतीत चाळीच्या चौकात बाकडी जोडून केलेलं स्टेज, असं सगळं. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, नाटक काही सुटलं नाही, पार सत्तरी उलटेपर्यंत पोरांना बसवून संवाद घोटून घ्यायचे. परवाच्या वर्षी गेले. एका पेपरात चार परिच्छेद आले, मंडळाने फलक लावला, झालं. मला रात्री झोप येईना की ह्या माणसांचं कुठे काही लिहिलेलंच राहणार नाही, गिरण्या गेल्या तशी ही माणसंही जाणार. म्हणून मी विकिपीडियावर त्यांचं पान करायला बसले.

पहिली चूक माझीच, ती लपवत नाही. पेपरातले ते चार परिच्छेद मी इंग्रजीत करून तसेच्या तसे टाकले. मला वाटलं बातमी आपल्याच आप्पांची, खाली पेपरचं नाव दिलंय, मग काय प्रॉब्लेम. दोन दिवसांत ड्राफ्ट, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेलं कच्चं पान, उडाला, कारण कॉपीराइट. आता कळतं की बातमी कुणाबद्दल आहे ह्याने काही फरक पडत नाही, ती लिहिली कुणी ह्याने पडतो, आणि भाषांतर करण्याचा हक्कसुद्धा ज्याचं लिखाण त्याचाच असतो. खाली नाव देणं म्हणजे परवानगी नव्हे. माहिती घ्यायची, वाक्यं आपली लिहायची, आणि आपली म्हणजे खरंच आपली, दोन-चार शब्द इकडचे तिकडे केलेली नाहीत.

दुसऱ्यांदा मी सगळं स्वतःच्या शब्दांत लिहिलं. तेव्हा उत्तर आलं की संदर्भ पुरेसे नाहीत, कारण मी दिले होते मंडळाच्या स्मरणिकेचे, म्हणजे आमच्याच माणसांनी आमच्याच माणसाबद्दल छापलेलं. आणि माझ्या चर्चा पानावर, म्हणजे सदस्याला निरोप लिहायच्या पानावर, एक नोटीस आली, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट (सीओआय), हितसंबंध. मला ते आरोपासारखं लागलं, मी रडले त्या दिवशी. आज ती नोटीस परत वाचली तर त्यात एवढंच होतं की विषयाशी तुमचं जवळचं नातं असेल तर ते उघड सांगा, पान थेट लिहू नका, बदल त्या लेखाच्या चर्चा पानावर सुचवा, दुसरं कुणीतरी तपासून घेईल. त्यात मला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं.

बरोब्बर ह्याच वेळी तो आला. माझं युजरनेम म्हणजे माझं पूर्ण नाव, आणि नाकारलेले ड्राफ्ट कुणालाही दिसतात, तिथून नाव उचलायचं, फेसबुकवर शोधायचं, मेसेज टाकायचा. "ताई, तुमचा ड्राफ्ट रिजेक्ट झालेला बघितला, मी रिव्ह्यू टीममध्ये आहे, वाईट वाटलं, एवढा मोठा माणूस." मराठी अगदी आपल्याकडचं. आप्पांच्या नाटकाचं नाव त्याने माझ्याच ड्राफ्टमधून उचलून मला ऐकवलं आणि मला वाटलं ह्याला माहितीये, हा आपला माणूस. आयकार्डाचा फोटो पाठवला, वर कोड्याच्या तुकड्यांचा तो पृथ्वीचा गोळा, खाली "अप्रूव्ह्ड एडिटर". असं कार्ड नसतं हो. विकिपीडियावर लिहिणारे, तपासणारे, प्रचालक (अ‍ॅडमिन), ह्यांना विकिपीडियाकडून पगार नसतो, स्वयंसेवक असतात आणि पान पास करायचे पैसे घेणारं तिथे कुठलंही खातं नाही. १८ हजार आधी, १२ हजार पान लाइव्ह झाल्यावर, असं ठरलं. मी विचारलं की माझं नाव द्यायचं का कुठे, मी मुलगी आहे म्हणून. तो म्हणाला, "अजिबात नाही ताई, तुमचं नाव आलं की सीओआय लागेल, आमचं पण कुठे यायचं नाही." इथेच मी थांबायला हवं होतं. कारण पैसे घेऊन लिहिणाऱ्याने कुणाकडून घेतले आणि कुणासाठी लिहितोय हे जाहीर करायचं, हा विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापराच्या अटींमधलाच नियम आहे, २०१४ पासून. पैसे घेऊन लिहिणं बंद नाहीये, लपवणं बंद आहे. आणि हा माणूस मला लपवण्याचेच पैसे मागत होता.

त्याने फोटो मागितला. आमच्याकडे आप्पांचा एकच धड फोटो, १९७९ चा, चाळीच्या गॅलरीत तालीम चाललीय, हातात वही, कानामागे पेन्सिल, मागे दोरीवर कपडे. मी मोबाइलवर स्कॅन करून पाठवला, फक्त पुढची बाजू.

पान आलं. रात्री अकराला लिंक आली, आईला झोपेतून उठवली, तिने चष्मा लावून त्या स्क्रीनवरच्या फोटोवरून बोट फिरवलं तर पान खाली सरकलं, मी परत वर आणून दिलं. मी त्याच मिनिटाला १२ हजार पाठवले.

पंधरा दिवसांत पानावर पट्ट्या आल्या, हे जाहिरातीसारखं आहे, हे पैसे घेऊन लिहिलेलं वाटतंय. मी घाबरून त्याला फोन केला. तो म्हणाला पान सांभाळायला महिन्याला ३ हजार, एक महिना भरला. मग पान काढायचं का ह्यावर चर्चा उघडली गेली तर ह्याने मला सांगितलं घरातल्या पाच जणांना खाती काढायला लावा आणि सगळ्यांना "ठेवा" लिहायला सांगा. मी दादाला सांगितलं, भाच्याला सांगितलं, वहिनीने पण लिहिलं. ती मतमोजणी नसतेच, कोण काय कारण आणि काय पुरावा देतंय ते बघतात, आणि एका घरातून एकाच दिवशी निघालेली तीन खाती कुणाच्याही डोळ्यात भरतात. माझा भाचा बारावीत आहे, त्याच्या खात्यावर बनावट खात्याचा शिक्का माझ्यामुळे बसला.

आठवड्याने पान गेलं. त्या माणसाचं खातं ब्लॉक झालं, त्याच्याशी जोडलेली इतरही झाली, आणि त्यानेही मला ब्लॉक केलं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे पाठवून दोन महिने होऊन गेलेले. ही तक्रार जितकी लवकर तितकं बरं, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात, मी लाजेपायी उशीर केला तो करू नका. स्क्रीनशॉट, यूपीआयचे नंबर, चॅट, काही डिलीट करू नका.

नंतर शोधताना कळलं की ही युक्ती जुनी आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर असंच एक मोठं प्रकरण उघडकीला आलं, ऑरेंजमूडी नावाने ओळखतात, ३८१ खाती ब्लॉक झाली आणि २१० लेख काढले गेले. त्यातही हेच, ज्यांचे ड्राफ्ट नाकारले गेले अशी माणसं, छोटे धंदेवाले, कलाकार शोधायचे, पैसे घेऊन पान चढवायचं, आणि वर पान राखायचे महिन्याचे पैसे. मी हे आधी वाचलं असतं तर त्याचा पहिला मेसेज आला तेव्हाच ओळखलं असतं.

आता फोटोचं. पान जाऊन महिना झाला असेल, तो फोटो ज्यांनी काढला होता त्या लालबागच्या फोटोग्राफर काकांच्या नातवाचा फोन आला. एका यूट्यूब चॅनेलने गिरणगावावर व्हिडिओ केला होता, त्याच्या थंबनेलला आमचा तोच फोटो, आणि खाली क्रेडिट म्हणून भलतंच इंग्रजी नाव. मला फसवणाऱ्या त्या माणसाने फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात त्या साइटवर, चढवताना "स्वतःचं काम" म्हणून टाकला होता, तारीख मी स्कॅन केलं त्या दिवसाची, आणि लायसन्स असं दिलं होतं की नाव देऊन कुणीही वापरा, धंद्यासाठी सुद्धा. चॅनेलवाल्याची काही चूक नाही, त्याने लायसन्स वाचून नाव दिलं होतं. फक्त ते नाव चोराचं होतं.

मी काकांकडे गेले. तिसरा माळा, लाकडी जिना, काकांना आता नीट दिसत नाही. काही बोलले नाहीत आधी. फोटोपेपरचा जुना डबा काढायला लावला, त्यातून चाचपत तोच फोटो काढला, त्यांची स्वतःची प्रिंट, आणि उलटा करून माझ्या हातात दिला. मागे जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, स्टुडिओचं नाव, खाली पेनने तारीख. म्हणाले, "बाय, नाव वाच." मी वाचलं. "मोठ्यांदी वाच." मोठ्यांदा वाचलं. मग म्हणाले, "तालमीला मला कुणी बोलावलं नव्हतं. रोल माझा, धुतला मी. तुझ्या बापाने एक रुपया देऊ केला नाही आणि मी मागितला नाही, तसला हिशोब नव्हता आमचा. आता हा कोण?"

आमच्या घरातल्या प्रिंटवरही तोच शिक्का होता. चाळीस वर्षं त्या फ्रेमच्या आत, भिंतीकडे तोंड करून.

आपल्याकडे सगळ्यांचा हाच समज असतो की फोटोत आपला माणूस म्हणजे फोटो आपला. तसं नाही. फोटो ज्याने काढला त्याचा, हे मूळ धरून चाला. कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात काढून घेणाऱ्याचा हक्क येतो, पण इथे कुणी पैसे दिलेच नव्हते. आणि जुना आहे म्हणून फुकट, हेही नाही. आधी फोटो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहायचा, २०१२ च्या दुरुस्तीत तो वेगळा नियम काढला, आता फोटो काढणारा गेल्यानंतर ६० वर्षं, म्हणजे हा अजून काकांचाच. लेखांचंही तसंच, लेखक गेल्यानंतर ६० वर्षं.

मी कॉमन्सवर जाऊन सगळं खरं लिहिलं, मी कोण, फोटो कुणाचा, कसा गेला, शिक्क्याचा फोटो जोडला. तिथे रीतसर चर्चा होऊन फोटो काढला गेला. चॅनेलवाल्याला मेल केला, त्याने माफी मागून थंबनेल बदललं, भला माणूस. पण मधल्या काळात कुणी कुणी उतरवून घेतला असेल तो कुठे शोधू.

मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मी विचारलं तेव्हा एका जुन्या सदस्याने फार शांतपणे समजावलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. म्हणाले स्वतःच्या सदस्य पानावर पहिल्या ओळीत लिहून टाका की मी ह्यांची मुलगी, म्हणजे पुढे कुणी काही काढण्यासारखं राहत नाही. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर लिहा, थेट लेखात नको. वेगळं पान होण्याइतकं बाहेरच्यांनी लिहिलेलं आज नसेल तर कामगार रंगभूमीच्या लेखात आप्पांबद्दलची दोन वाक्यं संदर्भासकट चर्चा पानावर सुचवा, दुसरं कुणी बघून घालेल. आणि जुन्या पेपरांत हुडका, ग्रंथालयात बसा, नाट्यस्पर्धांचे निकाल, परीक्षणं छापून यायची तेव्हा. मी आता दर शनिवारी दादरला ग्रंथालयात जाते. आतापर्यंत दोन परीक्षणं मिळालीत, एकात आप्पांचं दिग्दर्शन "पसरट" म्हटलंय. तेही देणार आहे, बाहेरच्याने लिहिलेलं म्हणजे ते असंच येणार.

फोटोचं त्यांनी असं सांगितलं की काकांनी स्वतः मेलवर लेखी परवानगी पाठवली तर त्यांच्या नावाने परत चढवता येईल. तोंडी चालत नाही, आणि "फक्त विकिपीडियासाठी" अशीही चालत नाही, जगात कुणीही, विकण्यासाठीसुद्धा वापरू शकेल अशीच द्यावी लागते, आणि एकदा दिली की मागे घेता येत नाही. हे सगळं मी काकांना बसून सांगितलं, काही न लपवता, नातू पण होता. काकांनी ऐकून घेतलं, प्रिंट परत डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

त्याला आता चार महिने झाले. दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जाते, ग्रंथालयात मिळालेलं वाचून दाखवते, फोटोचं मी काढत नाही. आमच्या घरातली फ्रेम मात्र सोडवून आणली, मागचा शिक्काही दिसेल अशी दुसरी काच मागे लावून घेतली आणि ती आता टेबलावर उभी ठेवलीय.