दहा महिने आणि एक पावसाळा: जुन्या फर्निचरचा वापरानंतरचा अनुभव

गणपती झाले, दसरा झाला, भिंतींची ओल उतरली. आता लिहायला हरकत नाही. जानेवारीत, वस्तू नुकत्याच घरात आल्या होत्या तेव्हा लिहिलं असतं, तर नुसतं कौतुकच झालं असतं. आमच्या बेळगावात जून महिन्यात पाऊस धरला की गणपतीपर्यंत सोडत नाही. घडी करून ठेवलेल्या कपड्यांना वास येतो, मीठ पाणी सोडतं, दारं चौकटीत अडकतात. तेवढे दिवस काढल्याशिवाय इथं कुणी जुन्या लाकडाबद्दल बोलू नये, असं माझं मत झालंय.

आम्ही वडगावात राहतो. गेल्या वर्षी घराची डागडुजी केली आणि हॉलसाठी कपाट बघायला बाहेर पडलो. दुकानात २२,००० रुपये सांगितलेलं कपाट मी मागून बघितलं. दाबलेल्या भुशाची फळी आणि वर कागदासारखा थर. तिथंच ठरवलं, की याच पैशात जुनं शोधायचं. दहा महिन्यांत पाच मोठ्या वस्तू घेतल्या: सागवानी फडताळ, वेताची आरामखुर्ची, लंबकाचं घड्याळ, तांब्याचा बंब आणि एक टीपॉय. दुरुस्ती आणि गाडीभाडं धरून २९,२०० रुपये गेले. त्यातल्या चार वस्तूंवर मी खूश आहे. पाचवीचं पुढं सांगते.

मुंबईत चोर बाजाराची मटन स्ट्रीट आहे, पुण्यात रविवार-बुधवारी जुना बाजार भरतो. बेळगावात असा एका जागी भरणारा बाजार मला सापडला नाही. इथला माल विखुरलेला आहे. खासबागच्या रविवारच्या बाजारात किरकोळ पितळ आणि हत्यारं मिळाली. मोठं सामान मात्र भंगाराच्या गोदामांत आणि जुनी घरं पाडणाऱ्या ठेकेदारांच्या आवारात. शहापूर, वडगाव, खडेबाजार इकडची कौलारू घरं एकेक करून उतरतायत. घर उतरलं की तुळया, चौकटी, फडताळं, झोपाळ्याच्या कड्या सगळं एका ट्रकमधून येतं आणि आठ-दहा दिवसांत विकून संपतं. त्यामुळे एकदा जाऊन काही होत नाही. मी दर पंधरा दिवसांनी चक्कर मारायची. चौथ्या चकरेनंतर माणसं ओळखायला लागली, सहाव्या चकरेनंतर माल आला की फोन यायला लागला. भाषा येईल ती बोलावी. बैलहोंगलकडचे एक म्हातारे आजोबा माझ्याशी कानडीतच बोलायचे. खुर्चीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हळेद गट्टी ऐत्रि." जुनं आहे, घट्ट आहे. मी मोडक्या कानडीत भाव विचारला, त्यांनी ३०० रुपये आपणहून कमी केले.

आता फडताळ. हे सविस्तर सांगायला हवं, कारण शिकले ते सगळं ह्याच्यावर. गोदामात ते रंगाच्या तीन थरांखाली होतं, वरचा थर पोपटी. मी दारांवरची नक्षी बघत उभी राहिले, तर तिथले चाचा म्हणाले, "अक्का, तोंड काय बघूलालाय, पाठ बघा." फडताळ दोघांनी फिरवलं. पाठीवर रंग नव्हता, लाकूड उघडं होतं. सात फळ्यांपैकी पाच गर्द तपकिरी, दोन फिकट, आणि त्या फिकट फळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. चाचांनी कोपऱ्यात पटाशीनं नखाएवढं खरवडून माझ्यापुढं धरलं. कोऱ्या चामड्यासारखा, किंचित तेलकट वास. सागवान असं ओळखायचं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

खण ओढून बघितले. कोपऱ्यात एकही खिळा नाही. कबुतराच्या शेपटीसारख्या खाचा एकमेकींत बसवलेल्या, आणि त्याही सारख्या मापाच्या नाहीत, म्हणजे हातानं कापलेल्या. ८,००० सांगितले, ८,००० दिले. त्या मालाला घासाघीस करायला मन झालं नाही.

दुरुस्तीला खानापूरकडचे सुतारमामा आले. त्यांनी आधी आठ दिवस हातच लावला नाही. फडताळाखाली काळा कागद पसरायला सांगितला आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी कागदावर पिठाच्या दोन बारीक ढिगल्या दिसल्या, मैद्यासारख्या, अगदी ताज्या. म्हणजे कीड जिवंत आहे. भोकं नुसती जुनी असली आणि खाली काही पडत नसलं तर घाबरायचं कारण नाही, असं मामा म्हणाले. सागाच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही. लागते ती सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला, आणि त्या दोन फिकट फळ्या नेमक्या तशाच होत्या. मामांनी त्या काढल्या, एका उतरवलेल्या घराच्या तुळईतून फळ्या चिरून बसवल्या. नवं लाकूड घातलं असतं तर ते वाळताना वाकलं असतं. तुळई कित्येक वर्षं छपराखाली वाळलेली, ती जागची हलत नाही. मग सगळ्या आतल्या बाजूला औषध, भोकांत सुईनं औषध, आणि वर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश. मजुरी, साहित्य मिळून ४,५००. छोट्या हत्तीचं, म्हणजे लहान टेम्पोचं, भाडं ६००.

सहा महिने फडताळ बघणारे थबकायचे. मग जुलै आला आणि वरचा खण बसला तो बसलाच. दोन्ही हातांनी ओढला, साबण लावला, हलेना. शेजारच्यांनी एक माणूस सुचवला, तो रंधा घेऊन यायलाही तयार होता. नशिबानं आधी सुतारमामांना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच. लाकूड लांबीला वाढत नाही म्हटलं तरी चालेल, ते रुंदीला फुगतं. पावसात फुगलं ते ऑक्टोबरात आपल्या मापावर येतं. आत्ता रंधा मारला, तर उन्हाळ्यात तोच खण डुगडुगेल, आणि काढलेलं लाकूड परत घालता येत नाही. "दसऱ्यापर्यंत दम धरा. खण सुटला की कडांना मेणबत्ती घासा," एवढंच सांगितलं. दम धरणं अवघड होतं, कारण त्या खणात काय अडकलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्यासाठी धोट्यांबद्दल सांगायला पाहिजे. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या मागांवरचे, आडवं सूत इकडून तिकडं नेणारे जुने धोटे अजून भंगारात येतात. मला चार मिळाले, ६० रुपयांना एक. वीतभर लांबीचं होडीसारखं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप, पोटात सुताची कांडी बसवायची खाच आणि कडेला सूत बाहेर काढायचं बारीक भोक. तिन्हीसांजेला घरी आणले. माझ्या मनात ते बोळात भिंतीवर लावून किल्ल्या अडकवायच्या होत्या. सासूबाईंनी एक उचलला. सासरे चाळीस वर्षं मागावर बसले. सासूबाईंनी अंगठा धोट्याच्या पोटावरून फिरवला, जिथं हाताच्या घामानं लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालंय, आणि म्हणाल्या, "तीन लाव भिंतीला. हा नको ठोकू गं." तो चौथा त्यांनी फडताळाच्या वरच्या खणात ठेवला. जुलैत खण अडकला तो त्याच्यासकट.

वेताच्या खुर्चीबद्दल थोडक्यात. सांगाडा सागाचा, लांब हातांचा, कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, बंगल्यांतून असायचा तसा. बैठक फाटलेली होती. खुर्ची २,५००, नवा वेत विणून घ्यायला २,२००. पावसाळ्यात वेत थोडा सैलावतो, कोरड्या हवेत परत ताणून बसतो. बुरशीचे ठिपके आले ते व्हिनेगरच्या फडक्यानं गेले. रोज कुणीतरी त्यात बसतंच. यापेक्षा जास्त काही मागणं नाही.

तांब्याचा बंब ३,२०० ला. आतून घासून, चिंचेनं उजळून दाराशी ठेवलाय, आत प्लास्टिकच्या कुंडीत झाड. थेट माती भरू नका, ओल्या मातीनं तांबं हिरवं पडतं. घेताना चुंबक खिशात ठेवावं. तांब्या-पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

घड्याळ ३,८०० चं, अमेरिकन बनावटीचं, आठवड्याला एकदा किल्ली द्यायची. तेलपाणी आणि एक स्प्रिंग मिळून ९०० लागले. घेऊन आले तेव्हा पाच मिनिटं चालून थांबायचं. बिघडलेलं समजून परत न्यायला निघाले होते. दुरुस्तीवाल्या काकांनी नुसतं डोळे मिटून ऐकायला सांगितलं. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं पाहिजे. एक ठोका लंगडत असेल तर घड्याळ तिरपं टांगलंय. डावीकडे दोन सूत सरकवलं आणि ते चालू लागलं, आजतागायत चालू आहे. पावसात आठवड्याला तीन मिनिटं मागं पडायला लागलं, तेव्हा लंबकाखालची चकती थोडी वर चढवली. लंबक वर घेतला की घड्याळ पुढं धावतं, खाली सोडला की मागं पडतं. रविवारची किल्ली आता सासूबाई देतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

आणि टीपॉय. ३,५०० रुपये. विकणाऱ्यानं सांगितलं, अस्सल शिसवी, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनातला. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत झालेलं ते अधिवेशन म्हणजे बेळगावकरांचा अभिमान. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, तिथली विहीर बघत आलो. ते नाव कानावर पडलं आणि मी टीपॉय उलटा करून बघितलाच नाही. चाचांनी शिकवलेलं सगळं विसरले. ऑगस्टमध्ये वरच्या पृष्ठभागाला फुगा आला. आठवड्यात कोपरा सुटला, पापुद्रा उचलला गेला आणि खाली तोच दाबलेला भुसा. मग उलटा केला. पाय बसवलेले ते डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्या स्क्रूंनी. तसले स्क्रू अमेरिकेतच १९३० च्या दशकात निघाले, ते १९२४ च्या टीपॉयला कुठून येणार? परत घेऊन गेले तर उत्तर मिळालं, जुन्या मालाला गॅरंटी नसते. मला पैशापेक्षा वाईट वाटलं ते त्या अधिवेशनाचं नाव असं वापरल्याचं. शिसव ओळखायची असेल तर कड बघा. भरीव लाकडात वरची रेष कडेवरून खाली उतरते. चिकटवलेल्या थरात ती कडेला तुटते. आणि गोष्ट कितीही सुरेख असली तरी तिचे पैसे मोजू नका.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम घेतली नाही. एका आवारात पायरीसारखा टाकलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, होता. बागेत छान दिसेल म्हणून मला दाखवला. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाची नोंदणी लागते, आणि असा व्यापार करायला परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी, तो कुठल्यातरी गावच्या वेशीवरचा, कुणाच्यातरी पूर्वजाचा दगड आहे. मूर्ती, वीरगळ, सतीशिळा दिसली तर कृपा करून घेऊ नका. गिऱ्हाईक मिळतं म्हणून त्या गावाबाहेर येतात.

त्याच आवारात लोखंडी नांगराचा एक भाग सापडला, अंगावर किर्लोस्कर अशी ठसठशीत अक्षरं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते आमच्या बेळगावात. त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये. वजनाच्या भावानं मिळाला, तुळशीजवळ ठेवलाय, येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवते.

नव्यानं शोधायला निघणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: दुरुस्तीची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा, माझ्या हिशेबात ज्या तीन वस्तू दुरुस्त केल्या त्यांच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त ती गेली. खरेदी शक्यतो जानेवारी ते मार्च, लाकूड कोरडं असतं आणि पावसापूर्वी पॉलिश मुरायला वेळ मिळतो. फडताळ भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे. लाखेच्या पॉलिशवर गरम कप टेकवला की पांढरं कडं उमटतं. ते स्पिरिटचा किंचित हात फिरवला की जातं, पण फडकं जवळजवळ कोरडं हवं, नाहीतर पॉलिशच निघेल.

दसऱ्याला आपट्याची पानं ठेवायला सासूबाईंनी फडताळाचा वरचा खण सहज ओढून बघितला. एका बोटानं उघडला. आतला धोटा घरंगळत पुढच्या फळीपर्यंत आला आणि तिला टेकून थांबला.