पगार मोठा की शहर महाग? 'नंबिओ' या संकेतस्थळाचा एका बेळगावकर कुटुंबाने घेतलेला अनुभव

माझ्या पुतणीला गेल्या हिवाळ्यात आठ दिवसांच्या अंतराने दोन नोकऱ्यांची पत्रे आली. एक पुण्यातील हिंजवडीची होती, तर दुसरी बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीची. ती तीन वर्षे बेळगावातच एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत महिना 55 हजारांवर काम करीत होती आणि तेथेच राहण्याचा तिसरा पर्यायही खुला होता. मी बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे हिशेबाची वही माझ्याकडे आली. तिने मात्र वहीच्या आधी 'नंबिओ' उघडले. दोन शहरांची नावे निवडली की राहणीखर्चाची तुलना मांडणारे हे संकेतस्थळ आम्ही पंधरा दिवस रोज वापरले. सीमाभागातील अनेक घरांत हाच प्रश्न दरवर्षी उभा राहतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

हे संकेतस्थळ 2009 मध्ये सर्बियातील एका संगणक अभियंत्याने सुरू केले. त्यावरील दर प्रामुख्याने लोकांनीच भरलेले असतात. दुधाचा लिटर, साध्या हॉटेलातील जेवण, पेट्रोल, बसचा मासिक पास, एका शयनगृहाचे घर शहराच्या मध्यात व मध्याबाहेर, बालवाडीचे शुल्क, गृहकर्जाचा व्याजदर आणि हातात येणारा सरासरी पगार अशा ओळी प्रत्येक शहरासाठी सारख्याच असतात. प्रत्येक दराशेजारी किमान व कमाल किंमत दिलेली असते आणि पानाच्या तळाशी गेल्या बारा महिन्यांत किती लोकांनी किती नोंदी केल्या, हेही छापलेले असते. ही शेवटची गोष्ट मला विशेष आवडली. आपला आकडा किती माणसांच्या खांद्यावर उभा आहे हे जो स्वतःहून सांगतो, त्याच्याशी व्यवहार करणे सोपे जाते. शहरांच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकासाठी न्यूयॉर्क 100 धरले जाते. बेळगावच्या माणसाला न्यूयॉर्कशी काही देणेघेणे नाही, परंतु दोन भारतीय शहरे एकमेकांशेजारी ठेवताना त्याने काही बिघडत नाही.

तुलनेच्या पानावर सर्वात वर एक वाक्य येते. एका शहरातील अमुक रकमेत जसे राहता येते, तसेच दुसऱ्या शहरात राहायला तमुक रक्कम लागेल, असा त्याचा आशय असतो आणि दोन्हीकडे भाड्याने राहत असल्याचे गृहीत धरल्याची सूचना कंसात असते. आमच्या घरातील पहिला वाद या कंसावरून झाला. पुण्यात कोथरूडला वहिनींची बहीण राहते. पुतणीने मला विचारले, "काका, मावशीकडे राहिले तर भाड्यासमोर शून्य लिहायचे का?" मी उत्तर देण्याआधीच वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "महिना-दोन महिने ठीक आहे. वर्षभर बहिणीच्या संसारात राहायला मी पाठवणार नाही." शिवाय कोथरूडहून हिंजवडीला रोज जाणे-येणे म्हणजे दिवसाचे दोन-अडीच तास रस्त्यावर घालवणे आले. भाड्याची ओळ पुन्हा भरली गेली. बेळगावच्या बाबतीत मात्र ते शून्य खरे होते. अनगोळला घर स्वतःचे आहे आणि वर्षाचा तांदूळ खानापूर तालुक्यातील शेतातून येतो. अशा घरासाठी त्या वाक्याचा उपयोग नाही, पण गृहीतक उघड लिहिलेले असल्यामुळे हे आमच्या लगेच ध्यानात आले.

'शहराचा मध्य' या ओळीबाबत अधिक सावध राहावे लागते. महागडे घर मध्यात आणि स्वस्त घर मध्याबाहेर, ही मांडणी जगातील पुष्कळ शहरांना लागू पडत असेल, परंतु आपल्या सॉफ्टवेअरच्या शहरांना ती नीट बसत नाही. बेंगळूरमध्ये कचेऱ्या व्हाइटफील्ड, बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि इलेक्ट्रॉनिक सिटी येथे आहेत, तर पुण्यात हिंजवडी, खराडी आणि मगरपट्टा येथे. नोकरदाराच्या दृष्टीने शहराचा मध्य म्हणजे त्याची कचेरी. म्हणून आम्ही त्या दोन्ही ओळी सोडून दिल्या आणि पेइंग गेस्ट ठिकाणांना थेट दूरध्वनी केले. दोघींच्या खोलीत जेवणासह इलेक्ट्रॉनिक सिटीत 15 हजार आणि हिंजवडीजवळच्या वाकडला 12 हजार असे दर मिळाले. पुढे स्वतंत्र घर घ्यायचे झाले तर बेंगळूरची अनामत रक्कमही पाहावी लागते, कारण तेथे सहा ते दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागण्याची जुनी प्रथा अजून पूर्णपणे गेलेली नाही. 25 हजार भाड्याच्या घरासाठी अडीच लाख रुपये बिनव्याजी अडकले आणि ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला 16,250 रुपयांचे व्याज बुडते. तुलनेच्या पानावर या खर्चाला ओळ नाही.

आता पगाराकडे येतो. पत्रातील 'सीटीसी'मधून, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या आकड्यातून, मालकाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि विमा वजा केल्यावर बेंगळूरचा ढोबळ पगार वर्षाला साडेचौदा लाख राहत होता आणि पुण्याचा साडेबारा लाख. वरवर पाहता फरक दोन लाखांचा, म्हणजे महिन्याला सुमारे 16,700 रुपयांचा होता. परंतु आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही आणि पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून पुण्याच्या पगारावर कर शून्य होता. बेंगळूरचे करपात्र उत्पन्न पावणेचौदा लाख होऊन त्यावर उपकरासह 89,700 रुपये कर बसत होता. दोन लाखांतून तो वजा केला की उरतात 1,10,300 रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे 9,200. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट नसल्यामुळे महाग भाड्याची भरपाई करातूनही होत नाही. व्यवसाय कर आता दोन्ही राज्यांत वर्षाला 2,500 रुपयेच आहे, त्यामुळे तो तुलनेत आला नाही. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या एका पगार-गणकात, ज्याचे नाव येथे देत नाही, अजून जुन्याच करमर्यादा होत्या आणि तो पुण्याच्या पगारावरही कर दाखवीत होता. पुतणीने त्या आकड्यावर भिस्त ठेवून एक दिवस पुण्याचा विचार जवळजवळ सोडून दिला होता, याचे मला आजही वाईट वाटते. नंबिओ मुळात हातात येणाऱ्या पगाराची भाषा बोलते आणि तुमचा कर तुम्हालाच काढायला लावते. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटली.

सीमाभागातील वाचकांसाठी यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. आमच्याकडे मुलगा असो वा मुलगी, शिक्षण झाले की पाय आपोआप पुण्याकडे वळतात. भाषा आपली, नातेवाईक तेथे, रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरांच्या आत. बेंगळूर रस्त्याने पाचशे किलोमीटर, रेल्वेने त्याहून लांब आणि भाषा वेगळी. परंतु आपली कागदपत्रे कर्नाटकाची आहेत आणि त्यांचे पैशांत मोल आहे. 11 जून 2023 पासून लागू झालेल्या शक्ती योजनेत कर्नाटकाचा रहिवासी पत्ता असलेल्या स्त्रियांना राज्याच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो आणि बेंगळूरची शहर बससेवाही त्यात येते. वातानुकूलित गाड्या, मेट्रो आणि राज्याबाहेर जाणाऱ्या बस त्यात येत नाहीत. तुलनेच्या पानावर बसच्या मासिक पासाची किंमत दिसते, पण बेळगावचा पत्ता असलेल्या मुलीसाठी ती बेंगळुरात शून्य आहे आणि पुण्यात नाही. पुण्याला गेल्यास पुतणी बेळगावातून स्कूटर नेणार होती, तिच्या पेट्रोलसाठी पुण्याच्या बाजूला आम्ही महिना अडीच हजार धरले होते. पेइंग गेस्टमधील तीन हजारांचा फरक यात बहुतांशी भरून निघाला.

दळणवळणाचे दर पाहताना तारीखही पाहावी. बेंगळूर मेट्रोचे कमाल भाडे फेब्रुवारी 2025 मध्ये 60 वरून 90 रुपये झाले. अशी एका दिवसात झालेली वाढ बारा महिन्यांच्या सरासरीत हळूहळूच मुरते. इलेक्ट्रॉनिक सिटीवरून जाणाऱ्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन 10 ऑगस्ट 2025 रोजी झाले आणि त्याच दिवशी बेंगळूर-बेळगाव वंदे भारत गाडीलाही हिरवा कंदील मिळाला. आमच्या निर्णयात या दोन्ही गोष्टींना वजन होते, कारण घरी येण्याचा मार्ग सोपा झाला की दूरचे शहर थोडे जवळ येते.

या सेवेविषयी माझा एक मुख्य आक्षेप आहे आणि तो आकड्यांविषयी नसून प्रश्नाविषयी आहे. 'तशाच राहणीसाठी किती लागेल' हे गुणोत्तर आहे, तर आमच्या घराचा प्रश्न वजाबाकीचा होता. अनगोळच्या घरावर मजला चढवण्यासाठी भावाने कर्ज काढले आहे आणि त्याचा हप्ता बेळगावात, रुपयांत भरायचा आहे. बेळगावातील 55 हजारांची राहणी बेंगळुरात किती हजारांना पडते, हे कळून तो हप्ता फिटत नाही. महिन्याच्या शेवटी किती रुपये उरतात, हेच पाहायचे होते. घरी दिलेले 10 हजार आणि स्वतःचा खर्च वजा जाता बेळगावात तिच्याकडे 38 ते 40 हजार उरत. बेंगळुरात कर, पेइंग गेस्ट, बाहेरचे खाणे, कपडेलत्ते आणि महिन्याकाठी घरची एक फेरी धरूनही भविष्यनिर्वाह निधीच्या आधी 80 हजारांच्या आसपास उरत होते आणि पुण्यात त्याहून आठ-नऊ हजार कमी. 'बेळगावातले पन्नास म्हणजे बेंगळुरातले लाख' हे वाक्य आमच्या टिळकवाडीतील कट्ट्यावर मी स्वतः अनेकदा ऐकवले आहे. राहणीपुरते ते कदाचित खरेही असेल, पण शिलकीला ते लागू होत नाही. जो एका शहरात कमावतो आणि दुसऱ्या शहरासाठी साठवतो, त्याने टक्केवारी बाजूला ठेवून रुपयेच मोजावेत. ज्याला संसारच त्या शहरात थाटायचा आहे, मुले तेथील शाळेत घालायची आहेत आणि घरही तेथेच घ्यायचे आहे, त्याला मात्र नंबिओचे गुणोत्तर फार उपयोगी पडेल.

तरीही पुन्हा अशी वेळ आली तर मी आधी हेच पान उघडेन. आमच्या वहीत पहिल्या दिवशी सहाच ओळी होत्या. वीज-पाणी, इंटरनेट, व्यायामशाळा, औषधपाणी, कपडे हे सर्व त्या यादीवरून भरले गेले आणि वहीतील ओळी चोवीस झाल्या. आकडे आपले आणि ओळी त्यांच्या, अशा रीतीने वापरल्यास ही सेवा उत्तम आहे, आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

पुतणीने बेंगळूर निवडले. कोथरूडच्या मावशीने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच दूरध्वनी करून सामानाची चौकशी केली. इलेक्ट्रॉनिक सिटीत महिना पूर्ण झाल्यावर पुतणीने नंबिओवर आपल्या नोंदी भरल्या. दुधाच्या ओळीशी ती अडली, तेव्हा खाली दुकानात जाऊन नंदिनीची पिशवी आणली आणि तिच्यावरील छापील किंमत वाचून मगच आकडा टाकला.