गोदीतल्या दोन प्रेमकथा: आधी कोणती लावाल?

धुकट धक्का, गुत्त्यात बसलेले खलाशी आणि भूतकाळ जिची पाठ सोडत नाही अशी बाई. जुन्या हॉलिवूडचा हा ठरलेला मसाला. १९२८चा ‘द डॉक्स ऑफ न्यू यॉर्क’ आणि १९३०चा ‘ॲना ख्रिस्ती’ यांतला एकच बघायला वेळ असेल, तर मी ‘डॉक्स’ लावेन.

‘डॉक्स’ हा जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा मूकपट, जेमतेम सव्वा तासाचा. बोटीच्या भट्टीत कोळसा झोकणारा बिल (जॉर्ज बॅनक्रॉफ्ट) एका रात्रीपुरता उतरतो आणि जीव द्यायला निघालेल्या मे नावाच्या मुलीला (बेटी कॉम्पसन) पाण्यातून बाहेर काढतो. तिची उडी थेट दिसत नाही. दिसतं ते पाण्यातलं प्रतिबिंब. त्याच रात्री गुत्त्यात दोघांचं लग्नही लागतं, अर्धं गमतीत. सकाळी तो निघतो तेव्हा ती त्याचा फाटलेला खिसा शिवायला घेते. डोळे भरून येतात आणि पडद्यावर सुईच धूसर होते, तिला दिसते तशी. एवढाच तुकडा मी तीनदा मागे नेऊन पाहिला. गोष्ट म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल एवढी. पण हॅरॉल्ड रॉसनच्या कॅमेऱ्याने स्टुडिओतली ती गोदी अशी टिपलीय की ओल अंगाला लागते. फोन मात्र लांब ठेवा, नजर हटली की गेलं.

‘ॲना’ क्लॅरेन्स ब्राउनचा, युजीन ओनीलच्या नाटकावरचा. ग्रेटा गार्बोचा हा पहिला बोलपट, ‘गार्बो बोलते!’ एवढीच जाहिरात पुरली. ती येते चांगल्या पंधरा मिनिटांनी, आणि आल्या आल्या व्हिस्की मागते. माइकच्या धाकाने पात्रं जागची हलत नाहीत, नाटकाचा वास जात नाही. उच्चारही जड, सबटायटल्स लावाच. दारुड्या मार्थीच्या भूमिकेत मारी ड्रेसलर मात्र गार्बोलाही झाकते. ॲनाचा बाप सगळ्याचं खापर समुद्रावर फोडत असतो. तो आणि प्रियकर ॲनावर हक्क सांगत भांडायला लागतात, तेव्हा ती दोघांनाही झाडते आणि आपली खरी कहाणी तोंडावर फेकते. मे असं कधीच बोलत नाही. घरात चारजण मिळून बघणार असाल, नंतर वाद घालायचा असेल, तर याच प्रसंगासाठी ‘ॲना’ लावा.

आणि गार्बोच आवडली, तर जाक फेदेरने तिलाच घेऊन केलेली याची जर्मन आवृत्तीही आहे.