मंगोलियन की हिब्रू: मराठी माणसाला कोणती सोपी?

मंगोलियन वाक्याची घडण आपल्याला लगेच ओळखीची वाटते. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. 'नोम' म्हणजे पुस्तक, 'नोमोस' म्हणजे पुस्तकातून. 'गेर' म्हणजे घर, 'गेरेस' म्हणजे घरातून. प्रत्यय एकच, पण शब्दातल्या स्वराप्रमाणे तोही आपला स्वर बदलतो. हा स्वरमेळ कानाला फार गोड लागतो.

हिब्रूची रीतच निराळी. क-त-व ही तीन व्यंजनं घ्या: 'कातव' म्हणजे त्याने लिहिलं, 'मिख्ताव' म्हणजे पत्र, 'क्तोवेत' म्हणजे पत्ता. रोजच्या छापील मजकुरात स्वर बहुधा लिहीतच नाहीत, तिथे नवख्याला घाम फुटतो. लिंगभेद मात्र मराठीसारखा: तो लिहितो 'कोतेव', ती लिहिते 'कोतेवेत'. मंगोलियनमध्ये व्याकरणिक लिंगच नाही.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. मंगोलियात १९४० च्या दशकापासून सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी आहे. वरून खाली उतरणारी जुनी सुंदर लिपी चीनच्या इनर मंगोलियात टिकून आहे.

व्याकरणापुरती मी मंगोलियनच सोपी म्हणेन. पण जिव्हाळा हिब्रूशी जास्त, कारण कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरांत बोलणं मराठीत आणि प्रार्थना हिब्रूत चालत आली आहे.