पेबल बीचचे खोटे बुकिंग : अमेरिकेत गोल्फ खेळायला निघालेल्यांसाठी

अमेरिकेतली नावाजलेली मैदाने एकदा तरी खेळायची, असे मनात असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. 2024 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात आमच्या चौघांना पद्धतशीर टोपी घातली गेली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून ज्याने ती घातली त्या सहल एजंटचे नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र जशीच्या तशी सांगतो, कारण तो अजून धंद्यात आहे आणि गिऱ्हाईक शोधतो आहे.

आमचा फोरबॉल, म्हणजे एकत्र खेळणारा चौघांचा गट : एक डॉक्टर, एक निवृत्त कर्नल, एक फाउंड्रीवाले शेठ आणि मी. येरवड्याच्या कोर्सवर सकाळी खेळतो, नंतर चहावर एकमेकांचे पटिंग काढतो. हा माणूस रस्त्यावरून उचललेला नव्हता. थायलंड-व्हिएतनामच्या गोल्फ सहली तो नेत असे आणि त्या चांगल्या होत असत. आमच्या ओळखीचे लोक त्याच्याबरोबर हुआ हिनला जाऊन खूश होऊन परतले होते. तेव्हा ‘चौकशी न करता पैसे दिलेत कसे’ असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की चौकशी झाली होती आणि ती उत्तम निघाली होती. फक्त थायलंडमधली पत अमेरिकेत चालत नाही. तिकडे बहुतेक मैदानांना गिऱ्हाईक हवे असते. अमेरिकेतल्या या पाच-दहा मैदानांना गिऱ्हाइकांची ददात नाही, त्यांचा सगळा खटाटोप लोकांना थोपवण्याचा असतो.

त्याने दिलेली यादी अशी : पेबल बीच, स्पायग्लास हिल, सायप्रस पॉइंट, रिव्हिएरा आणि टॉरी पाइन्स. माणशी साडेआठ लाख, विमानाचे तिकीट वेगळे. पैशांपुरती ही यादी महाग होती, पण अशक्य नव्हती. अशक्य होती ती दुसऱ्याच कारणाने.

ही पाच नावे वाचताना एकसारखी वाटतात, पण प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आहे. टॉरी पाइन्स हे सॅन डिएगो महापालिकेचे मैदान. तिथल्या साउथ कोर्सवर 2008 आणि 2021 ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा झाली, तरी पैसे भरून कोणीही खेळू शकतो. गावातल्या रहिवाशाला स्वस्त, बाहेरच्याला महाग. पेबल बीच आणि स्पायग्लास ही रिसॉर्टची मैदाने. रिव्हिएरा आणि सायप्रस पॉइंट हे खाजगी क्लब. सदस्याची ओळख नसेल तर खिशात कितीही डॉलर असोत, उपयोग नाही. आमच्या पत्रकात मात्र पाचही नावांपुढे हिरव्या रंगाची तीच एक खूण होती : ‘कन्फर्म्ड’.

पेबल बीचचे जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. 1919 साली उघडलेले हे मैदान पॅसिफिकच्या कड्यावर आहे. 2000 साली टायगर वुड्सने यूएस ओपन 15 फटक्यांनी जिंकली ती इथेच. खाजगी क्लब नसल्यामुळे सामान्य गोल्फरला वाटते की पैसे टाकले की काम झाले. ग्रीन फी, म्हणजे एका खेळाचे मैदानाचे शुल्क, सहाशे डॉलरांच्या वर, पिशवी उचलणाऱ्या कॅडीचे वेगळे. पण खरी मेख फीमध्ये नाही. महिनोन् महिने आधी टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) हवा असेल तर त्यांच्याच रिसॉर्टमध्ये ठरावीक रात्री मुक्काम करावा लागतो. बाहेर उतरलेल्याला फक्त 24 तास आधी, जागा उरली असेल तर वेळ मिळते. हा नियम त्यांनी लपवलेला नाही, त्यांच्याच वेबसाइटवर उघड लिहिलेला आहे.

आमचा मुक्काम मॉन्टेरे गावातल्या एका मोटेलमध्ये होता. एजंटने एप्रिलमध्येच सप्टेंबरची पेबल बीचची वेळ पक्की झाल्याचे कळवले होते. या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. ज्याला हा नियम माहीत आहे त्याला एवढ्यावरून कळेल की तो कागद खोटा आहे. आम्हाला दिलेले कारण असे की रिसॉर्टच्या खोल्या ‘अवाच्या सवा’ आहेत, म्हणून ‘कोट्यातून’ फक्त गोल्फ घेतला आहे. कोटा म्हटले की आपला माणूस गप्प बसतो. रेल्वेपासून मेडिकल कॉलेजपर्यंत आयुष्यभर हेच ऐकत आलेलो असतो.

प्रत्यक्ष काउंटरवर काय झाले ते सांगतो. माझा भाचा सनीव्हेलला असतो, त्याने गाडीने सोडले. मैदानाकडे नेणाऱ्या सेव्हंटीन माइल ड्राइव्ह या खाजगी रस्त्याच्या फाटकावर मोटारीचा प्रवेशकर भरला, आत गेलो. प्रो शॉपमधल्या मुलीला शेठजींनी छापील पीडीएफ दिले. वर लोगो, खाली कन्फर्मेशन नंबर, चौघांची नावे, वेळ 9:10. तिने नंबर टाकला, मग आडनावे टाकली, मग त्या दिवसाची यादी वरून खालपर्यंत पाहिली. 9:10 ला चार जण होते, पण ते दुसरेच, आणि ते बाहेर पटिंग ग्रीनवर सराव करत होते. कागद तिने उजेडात धरला आणि लोगोवर बोट ठेवले. झाडाच्या फांद्यांच्या कडा चौकोनी-चौकोनी दिसत होत्या, लहान चित्र ताणून मोठे केले की दिसतात तशा. ईमेलचा पत्ताही एका फुकट मेल सेवेचा होता. ती अत्यंत सौजन्याने म्हणाली की हे आमच्याकडून आलेले नाही. मागे उभ्या असलेल्या रांगेसमोर कर्नलसाहेबांचा चेहरा असा झाला होता की आम्ही कोणी त्यांच्याशी बोललो नाही.

एजंटचा फोन लागला. तो जराही गडबडला नाही. ‘सर, सिस्टिमचा प्रॉब्लेम असेल, तुम्ही ब्रेकफास्ट करा, मी बघतो.’ त्यानंतर फोन बंद. संध्याकाळी मेसेज आला की ‘ऑपरेटर पार्टनर’ने दगा दिला, स्पायग्लासही गेले, पण सायप्रस पॉइंट शाबूत आहे.

सायप्रस पॉइंटसाठी त्याने माणशी वेगळे पंधराशे डॉलर ‘सदस्याच्या आवडत्या धर्मादाय संस्थेला देणगी’ म्हणून घेतले होते. अलिस्टर मॅकेन्झी यांनी 1928 साली उभे केलेले ते मैदान. सोळावा होल समुद्राची खाडी ओलांडून मारायचा. गोल्फरला यापुढे काही सांगावे लागत नाही, आणि हेच त्या माणसाला पक्के ठाऊक होते. आदल्या रात्री ‘सदस्य’ आजारी पडले. सदस्याचे नाव विचारले तर ‘क्लबच्या गोपनीयतेमुळे’ सांगता येत नाही. देणगीची पावती मागितली तर ‘देणगी परत मागणे त्या मंडळींना अपमानास्पद वाटते’. अशा ठिकाणी खरोखर पाहुणा म्हणून जाणारा माणूस ज्याच्यामुळे जातो त्याला आधीपासून ओळखत असतो, निदान त्याच्याशी फोनवर तरी बोललेला असतो. निमंत्रण सदस्य देतो. ते विकत देतो म्हणणारा मधला माणूस एक तर खोटा असतो, नाहीतर त्या सदस्याला अडचणीत आणणारा असतो.

रिव्हिएराचेही तेच. ‘स्पर्धेच्या तयारीसाठी बंद, त्याऐवजी त्याच भागातले ऐतिहासिक मैदान देतो’ असे म्हणून आम्हाला रँचो पार्कला पाठवले. रँचो पार्क हे लॉस एंजेलिस महापालिकेचे मैदान. ऐतिहासिक आहे यात शंका नाही. 1961 च्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये आर्नोल्ड पामर यांनी तिथे एका होलवर 12 फटके घेतले होते आणि त्याचा फलक लावलेला आहे. खरे सांगायचे तर त्या फलकाशेजारी उभे राहून आम्हाला बरे वाटले. पण साडेआठ लाखांत रिव्हिएराच्या बदली महापालिकेचे मैदान, म्हणजे फरक कोणाच्या खिशात गेला ते सांगायला नको.

तिथे आणखी एक गोष्ट कळली. वेळ खरी होती, पण भलत्याच माणसाच्या नावावर होती, आणि ग्रीन फी काउंटरवर आम्हालाच भरावी लागली. आमच्या पत्रकात ती ‘समाविष्ट’ होती. लॉस एंजेलिसमध्ये हा मोठाच बाजार झाला होता. दलाल महापालिकेच्या मैदानांच्या वेळा सुटताक्षणी उचलायचे आणि मेसेजिंग ॲपवरून विकायचे. स्थानिक गोल्फरांनी आरडाओरडा केला तेव्हा 2024 मध्ये शहराने बुकिंग करतानाच माणशी 10 डॉलरची परत न मिळणारी अनामत लावली. तेव्हा ‘टी टाइम आहे’ याचा अर्थ ‘पैसे भरलेले आहेत’ असा होत नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगळे विचारावेत.

टॉरी पाइन्स मात्र नीट झाले. वेळ आमच्याच नावावर होती, फी भरलेली होती. त्या वेळी वाटले की चला, एक तरी प्रामाणिकपणे केले. आता कळते की ते मुद्दामच नीट केले होते. भारतात आल्यावर तक्रार करायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला : ‘सेवा काहीच दिली नाही का?’ हॉटेल दिले, गाडी दिली, एक मैदान दिले. मग हा गुन्हा की सेवेतली त्रुटी, यावर चर्चा सुरू. शंभर टक्के खोटे बोलणारा लवकर सापडतो. पाचात एक खरे ठेवणारा ‘वाद आहे साहेब, दिवाणी मामला आहे’ म्हणत वर्षानुवर्षे फिरतो.

आता पैशांचे, कारण दोर तिथेच कापले गेले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे परदेशी सहलीच्या पॅकेजवर सात लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 20 टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करायचा कर, होता. (मर्यादा आणि दर पुढे बदलले आहेत, जाण्याआधी ताजे पाहून घ्या.) एजंट म्हणाला, ‘मी तुमचा टीसीएस वाचवतो. अर्धे इथल्या खात्यात टाका, अर्धे तिकडच्या नातेवाइकाकडून झेलने पाठवा.’ ऐकायला गोड. (झेल म्हणजे अमेरिकेतल्या बँक खात्यांमध्ये थेट पैसे पाठवायची सेवा.) पण टीसीएस हा खर्चच नव्हे. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करातून वळता होतो किंवा परत मिळतो. त्याने वाचवला तो स्वतःचा माग. पॅकेजचे बिल नाही, जीएसटी क्रमांक नाही, पैसे गेले एका व्यक्तीच्या बचत खात्यात. झेलने स्वतः होऊन पाठवलेले पैसे परत आणणे जवळपास अशक्य. भाच्याच्या बँकेने दोन वाक्यांत हात वर केले.

डॉक्टरांना असल्या भानगडी आवडत नाहीत. त्यांनी हट्टाने पहिला हप्ता क्रेडिट कार्डाने दिला होता, एजंटने कुरकुर करत वरचे दोन टक्के लावून घेतला होता. परत आल्यावर डॉक्टरांनी खोटे पीडीएफ आणि पेबल बीचने ईमेलवर लेखी दिलेले ‘असे बुकिंग आमच्याकडे नव्हते’ हे उत्तर जोडून बँकेकडे चार्जबॅक (कार्डाने दिलेले पैसे परत) मागितला. तो हप्ता त्यांना मिळाला. बाकी तिघांना अजून दमडी मिळालेली नाही.

कोणी अशाच जाळ्यात सापडला असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे नुकतेच गेले असतील तर खाते गोठण्याची शक्यता असते. आमच्यासारखे पाच महिन्यांनी गेलात तर फक्त नोंद होते. पन्नास लाखांपर्यंतचा मोबदला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. कागद मात्र जपा. कर्नलसाहेबांनी सवयीने प्रत्येक व्हॉट्सअॅप संभाषण तारखेनिशी छापून फाइल केले होते. एजंटने नंतर स्वतःचे सगळे मेसेज पुसण्याचा प्रयत्न केला, पण फाइल कोण पुसणार?

आणि पैसे देण्याआधी, बुकिंग झाल्याचे सांगितले की त्याच दिवशी मैदानाच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन लावा. एजंटने दिलेला नंबर नको. आपले नाव, तारीख, वेळ विचारा. रात्री जागून करावा लागणारा एक फोन आहे, त्यापलीकडे काही नाही. यावर जो एजंट ‘सर, तुम्ही थेट फोन केलात तर बुकिंग रद्द होईल’ म्हणतो, त्याला तिथेच रामराम करा. ऑगस्टा नॅशनल या खाजगी क्लबचे मैदान ‘खेळायला’ देतो म्हणणाऱ्यालाही. तिथे होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेची तिकिटे क्लब सोडतीने देतो आणि बाहेरून घेतलेली तिकिटे रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवतो.

गेल्या महिन्यात त्याच माणसाची नवी जाहिरात एका ग्रुपवर आली. कंपनीचे नाव नवे, दर वाढलेला, या वेळी न्यूयॉर्कचा बेत : ‘बेथपेज ब्लॅक, बग्गीसहित’. बेथपेज ब्लॅक हे राज्य सरकारच्या उद्यानातले मैदान आहे, लोक पहाटेच्या वेळेसाठी तिथे गाडीत झोपून रांग लावतात, आणि त्या कोर्सवर बग्गी चालतच नाही. सगळ्यांनी पायीच खेळायचे असते. जाहिरातीत ‘आमचे समाधानी ग्राहक’ म्हणून एक फोटो आहे : पेबल बीचचा सातवा होल, मागे समुद्र, पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ. ते आमचे डॉक्टर आहेत. त्या दिवशी दुपारी एका तिघांच्या गटात जागा झाली म्हणून प्रो शॉपमधल्या त्याच मुलीने त्यांना आत घातले, आणि पूर्ण ग्रीन फी त्यांनी स्वतःच्या कार्डाने काउंटरवर भरली. पावती आयोगाला दिलेल्या फाइलमध्ये जोडली आहे.