फौजेतून निवृत्ती, मग गोव्यात मालमत्तेचं काम: स्वतंत्र एजंट की बिल्डरकडे नोकरी?

पेडणे, डिचोली, सत्तरीतले बरेच जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतात. पेन्शन सुरू असते, अंगात उमेद असते. जमीन-घरांच्या व्यवहारात उतरायचं तर वाटा दोन.

बिल्डरकडची नोकरी सोपी. महिन्याला पगार, साइटची देखरेख, गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवणं. शिस्तीच्या माणसाला मागणीही असते. पण शिकायला मिळतं ते एकाच कंपनीच्या प्रकल्पांपुरतं.

स्वतंत्र एजंटचं काम खडतर. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्प आणि एजंट यांच्यावर नियमन ठेवणारा कायदा, २०१६ चा. नोंदणीकृत प्रकल्पातली सदनिका विकून द्यायची तर एजंटची स्वतःची नोंदणी लागतेच. कमिशन कधी येईल याचा नेम नाही. आणि गोव्याची जमीन म्हणजे कागदांचं रान! एक-चौदाच्या उताऱ्यावर (हा गोव्याचा सातबारा) कुळाचं नाव आहे का? घरात मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने घर करून असलेला माणूस, राहतो का? त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. सनद, म्हणजे जमीन बिगरशेती वापराला देणारी परवानगी, झालीय का? जागा कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामुदायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, तर नाही? शिवाय इथल्या नागरी कायद्यामुळे विक्रीला सहसा नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. मुंबईत असलेल्या एका वहिनीची सही राहिली की व्यवहार अडलाच.

माझं मत स्वतंत्र कामाकडे झुकतं. पेन्शनमुळे घर चालतं, म्हणून खोट असलेल्या जमिनीला ‘नको’ म्हणायची ताकद माजी सैनिकाकडे असते, आणि गिऱ्हाइकाला तीच हवी असते. मात्र मुलांची शिक्षणं चालू असतील, गृहकर्ज डोक्यावर असेल, तर आधी दोनेक वर्षं नोकरीच करा आणि तलाठी, मामलेदार कचेरीतलं काम तिथेच शिकून घ्या.