मिक्सर दुरुस्ती, चाळीस रुपये

मोटार जळली असणार, म्हणून नव्या मिक्सरचे पैसे खिशात घालूनच गेलो होतो. दुकानातल्या काकांनी भांडं उलटं केलं, खालचा झिजून गोल झालेला रबरी कपलर (मोटारीचा फेर भांड्यातल्या पात्याला देणारा जोड) दाखवला. "मोटार ठणठणीत आहे, सर." चाळीस रुपये!

बत्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. खाटीक आणि पाववाला स्वतःच्या फायद्यासाठीच माल विकतात, हे ॲडम स्मिथचं १७७६ चं म्हणणं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. त्यानेच १७५९ मध्ये नैतिक भावनांवर अख्खा ग्रंथ लिहिला होता, त्याकडे मात्र आम्ही फिरकलोच नाही.

मोटार जळली असं सांगून जास्त पैसे का नाही घेतले, असं काकांना छेडलं, तर म्हणाले, "आता कुकरही इथेच आणाल की!" म्हणजे स्वार्थच म्हणा.

कपलर दोन महिने टिकलाय. दुकान एक ते चार बंद. यूपीआय नाही, सुटे न्या.